सूचना : संध्याकाळची फेरी आता सकाळी

कमाटीबागेत फिरायला येणाऱ्या सर्व सभासदांसाठी. उन्हाळा संपेपर्यंत संध्याकाळी ५ची फेरी बंद. सकाळी ६ला जमायचं. कडक ऊन आणि पडलेला वारा असला की गाड्यांच्या नि कारखान्यांच्या धुरातून जमिनीलगत ओझोन तयार होतो. दुपार ते संध्याकाळ त्याचा जोर जास्त. आकाश मात्र निळंशार दिसतं, तिथेच फसायला होतं. या वायूने श्वासनलिकेला सूज येते, दमा उसळतो, हृदयरोग्यांवरही ताण पडतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, ओझोन नाही. हवेतल्या ओझोनची आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल, तर दुपारी खिडक्या बंद ठेवाव्यात. दमेकऱ्यांनी इन्हेलर खिशात ठेवावा. घरच्या कपाटात त्याचा काय उपयोग! छातीत दडपण आलं तर तिथेच बसावं, १०८ला फोन करावा.