दोन झेंड्यांच्या अलीकडे

कोलंबस, ओहायो
9 नोव्हेंबर 2004

ती. आप्पा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

इथल्या अध्यक्षपदाचं मतदान होऊन आज बरोबर आठवडा झाला. मधे फोनवर बोललो, पण कार्डाची मिनिटं संपत आली होती. मी घाईघाईनं "हरलो हो आप्पा" एवढंच म्हणाले आणि तुम्ही विचारलंत, "अगं, त्यात तुझं काय हरलं?" तेवढ्यात फोन तुटला. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र. सकाळपासून टीव्हीवर इराकमधल्या फालुजाची लढाई चालू आहे. निवडणूक संपायचीच वाट बघत होते म्हणायचे. प्रयोगशाळेत मन लागेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसले आहे.

इथे मला मत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. व्हिसावर राहणाऱ्या माणसानं उमेदवाराला एक डॉलर दिला तरी तो गुन्हा. फुकट राबायला मात्र कायद्याची हरकत नाही. पंगतीत बसायचं नाही, वाढायला चालेल, असला प्रकार. मी सप्टेंबरपासून वाढत होते.

यात मला ओढलं ते शेजारच्या मास्तरीणबाईंनी. त्यांचं नाव काही का असेना, मी त्यांना मनात मास्तरीणबाईच म्हणते. वय एकाहत्तर, सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. इराकचं युद्ध सुरू व्हायच्या आधी, 15 फेब्रुवारी 2003 ला, न्यूयॉर्कच्या कडाक्याच्या थंडीतल्या मोर्चाला त्या रात्रभर बसनं गेल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांचा माणूस होता हॉवर्ड डीन, व्हरमॉन्ट राज्याचा माजी गव्हर्नर, पेशानं डॉक्टर. बडे बडे डेमोक्रॅट युद्धाच्या बाजूनं मान डोलावत होते तेव्हा हा चक्क विरोधात बोलला आणि इंटरनेटवरून लोकांचे पंचवीस-पन्नास डॉलर गोळा करत पार आघाडीवर जाऊन बसला. जानेवारीत पक्षाचा उमेदवार ठरवायच्या आयोवातल्या फेरीत तिसरा आला आणि सगळं बसलं. मास्तरीणबाईंनी त्याची पाटी गॅरेजमध्ये ठेवली आणि डेमोक्रॅटांनी शेवटी बुशविरुद्ध उभ्या केलेल्या केरींची अंगणात रोवली. केरींनी ऑक्टोबर 2002 मध्ये युद्धाच्या ठरावाला होकार दिला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी आठ-दहा बायका लिफाफे चिकटवत बसत आणि यावरून दर वेळी वाजायचं. एकजण म्हणायची, मी दोन्ही पक्षांबाहेरच्या नाडरलाच मत देणार. दुसरी म्हणायची, चार वर्षांपूर्वी फ्लोरिडात तेच केलंत, मतं फुटली आणि बुश आले, भोगतोय आता. आप्पा, मला तुमची समाजवादी मंडळी आठवायची. फूट पडायला दोन माणसं पुरत.

सुरुवातीला मला फोनवर बसवलं. यादीतले नंबर फिरवायचे आणि कोणाला मत देणार ते विचारायचं. तिसऱ्याच फोनवर एक माणूस म्हणाला, "बंगलोरहून बोलतेयस ना?" मी म्हटलं, नाही हो, तुमच्यापासून चार मैलांवरून. तो म्हणाला, "तेच सांगायला शिकवतात तुम्हाला," आणि फोन आपटला. इथले कारखाने एकामागून एक बंद झालेत, आणि यंदा प्रत्येक भाषणात नोकऱ्या परदेशी गेल्याचं रडगाणं होतं, केरींच्या तर सगळ्यात जास्त. म्हणजे मी ज्यांच्यासाठी फोन करत होते त्यांच्याच भाषणातली खलनायिका मी! मास्तरीणबाई पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मला फोनवरून काढून त्यांच्याबरोबर दारोदार फिरायला घेतलं.

हातात एक यादी असते. घर नंबर, नाव, वय आणि पुढे 1 ते 5 आकडे. 1 म्हणजे पक्का आपला, 5 म्हणजे पक्का त्यांचा. सगळा जीव 3 वर. दार उघडलं की अर्ध्या मिनिटात माणूस ओळखायचा आणि आकड्याला गोल करायचा. मला ते जमायला लागलं, पण लाजही वाटायची. माणूस बोलत असतो आणि आपण मनात आकडा शोधत असतो.

एक घर मात्र सांगायलाच हवं. शहराच्या दक्षिणेला, बुटकी घरं असलेल्या गल्लीत, खिडकीच्या काचेला आतून एक छोटं कापड टांगलेलं होतं. पांढरं, भोवती लाल पट्टी, मधोमध एक निळा तारा. मास्तरीणबाई फाटकातच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, घरातलं कोणी सैन्यात आहे. गेलं की तारा सोनेरी करतात. दार पन्नाशीच्या बाईंनी उघडलं, हाताला पीठ. मी ठरलेलं बोलायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या देशाचे सैनिक आहेत तिथे?" मी म्हटलं, नाहीत. गेल्या वर्षी मागितले होते, आमच्या सरकारनं नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "शहाणं आहे तुमचं सरकार." मला वाटलं, ही तर 1! मग त्या म्हणाल्या, "तुमचे केरी म्हणतात, चुकीचं युद्ध, चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी. असेलही. पण माझा मुलगा रोज सकाळी ट्रक घेऊन त्या छावणीबाहेर पडतो. रविवारी त्याचा फोन येतो. त्याला मी यातलं काय सांगू?"

आप्पा, माझ्याकडे उत्तर नव्हतं. छापील कागदावर आरोग्य विम्याबद्दल होतं, नोकऱ्यांबद्दल होतं, शस्त्रं सापडलीच नाहीत हे तर ठळक अक्षरात होतं. या प्रश्नाचं काही नव्हतं. मी पत्रक त्यांच्या पीठभरल्या हातात देऊ का नको करत राहिले, शेवटी दाराशी ठेवलं. यादीवर 4 ला गोल केला. रस्त्यावर आल्यावर तो खोडून 3 केला. मास्तरीणबाईंनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि काही न बोलता 5 केला.

त्या रात्री मला तुमची 1972 ची गोष्ट आठवली. मी लहान असताना तुम्ही ती हसत सांगायचात, म्हणून मला ती विनोदी वाटायची. बांगलादेशचं युद्ध जिंकून तीन महिने झालेले, विधानसभेची निवडणूक, आणि तुम्ही चौघं सायकलींवरून साताऱ्याच्या खेड्यापाड्यांत महागाई आणि दुष्काळ सांगत फिरताय. अपशिंग्यासारखी गावं, जिथे घरटी एक माणूस फौजेत. ओसरीवरच्या म्हाताऱ्यानं तुम्हाला पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाला, "पोरगा ढाक्याहून धडधाकट आला. त्या बाईला मत दिलं नाही तर देव बघतोय." अनामत गेली तुमच्या उमेदवाराची. तुमचं ते युद्ध तर जिंकलेलं होतं, न्यायाचं होतं. इथलं दोन्हीही नाही. पण ओसरीवरचा म्हातारा आणि ही पीठभरल्या हाताची बाई मला एकाच घरातली वाटली. ज्याचं माणूस तिकडे आहे त्याच्याशी युद्धावर वाद घालताच येत नाही. वाद घालायचा म्हणजे त्याच्या माणसाच्या जिवाचा भाव करायचा. आम्ही गुरुवारी स्वयंपाकघरात बसून जे बोलायचो ते बरोबरच होतं, अजूनही मला ते बरोबर वाटतं. फक्त ते दाराच्या बाहेर नेता आलं नाही.

असो. मतदानाच्या दिवसाचं सांगते. धो धो पाऊस. इथे मतदान केंद्राच्या दारापासून शंभर फुटांवर दोन छोटे झेंडे रोवतात, त्यांच्या आत प्रचार बंद. मी झेंड्यांच्या अलीकडे, चिखलात, सकाळी सहापासून. काम काय, तर रांगेतल्या लोकांना छत्र्या द्यायच्या, कॉफी द्यायची आणि जाऊ नका म्हणून विनवायचं. शाळेच्या व्यायामशाळेत मोजकी यंत्रं आणि रांग इमारतीला वळसा घालून रस्त्यापर्यंत. बहुतेक काळ्या लोकांची वस्ती. दुपारी तीन-तीन तास लागत होते. एक तरुण पोरगा, अंगात कुठल्याशा गोदामाचा गणवेश, दोन तास उभा राहिला. मग घड्याळ बघितलं, माझी छत्री मिटून नीट माझ्या हातात दिली, "थँक यू मॅम" म्हणाला आणि पाळीला निघून गेला. आप्पा, ती छत्री अजून माझ्या दाराशी आहे. माझ्या प्रयोगशाळेतली एक बाई उपनगरात राहते, ती वीस मिनिटांत मत देऊन आली. उत्तरेला केनियन कॉलेजच्या पोरांनी तर पहाटेपर्यंत रांगेत उभं राहून मतं दिली म्हणे. यंत्रं कुठे किती ठेवायची हे कोण ठरवतं, यावर आता चौकशीची मागणी चालू आहे. होईल तेव्हा होईल.

संध्याकाळी बातमी आली की मत देऊन बाहेर पडलेल्यांच्या पाहण्यांत केरी पुढे आहेत. मास्तरीणबाईंनी केक कापला. मध्यरात्री त्या केकवर कोणीतरी बशी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी केरींनी हार मान्य केली. सगळा देश ओहायोच्या वाट्याच्या वीस निर्वाचक मतांवर अडला होता, आणि इथला फरक सध्या सुमारे 1 लाख 36 हजारांचा दिसतो. नाव तपासून मग मोजायची म्हणून बाजूला ठेवलेली दीड लाखाच्या आसपास मतं अजून मोजायची आहेत, पण त्यातून काही उलटत नाही. या राज्यात अकरा हजारांवर मतदान केंद्रं. म्हणजे केंद्रामागे बारा मतं. मी ज्या केंद्रासमोर उभी होते तिथून बारा माणसं तर माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. हा हिशोब मांडायचा नसतो हे कळतं, तरी मांडला जातो.

आता जो तो कारणं सांगतोय. पाहणीत 22 टक्के लोकांनी 'नैतिक मूल्यं' हे कारण दिलं म्हणून वर्तमानपत्रं तेच धरून बसलीत. लग्न फक्त एका पुरुषाचं आणि एका बाईचं, अशी घटनादुरुस्ती त्याच दिवशी इथे मताला होती. एकूण अकरा राज्यांत होती, अकराही ठिकाणी मंजूर झाली. शिवाय मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी बिन लादेनची ध्वनिचित्रफीत आली. शनिवारी दारं पटकन बंद व्हायला लागली ते मला जाणवलं. हे सगळं असेल. माझं स्वतःचं म्हणणं जरा वेगळं आहे, आणि ते मास्तरीणबाईंना पटत नाही.

आमची माणसं काही कमी पडली नाहीत. 2000 साली डेमोक्रॅट उमेदवार गोअरना इथे जितकी मतं पडली त्यापेक्षा साडेचार लाखांहून जास्त मतं मिळवून आम्ही हरलो. पण आमच्यातले निम्मे लोक बसनं आलेले. कोणी कॅलिफोर्नियाचा, कोणी न्यूयॉर्कचा, काहींना तर पगार होता. गुणी पोरं, जिवाचं रान केलं, जिमखान्यात जमिनीवर झोपली. बुशच्या बाजूनं कोण आलं होतं ठाऊक आहे? त्याच गल्लीतली बाई. रविवारी चर्चमध्ये जिच्या शेजारी बसतो ती. तिला आकड्याला गोल करायची गरजच नव्हती. लंडनच्या 'गार्डियन'नं तर कहर केला. आमच्या पश्चिमेला क्लार्क काउंटी आहे, तिथल्या मतदारांना पत्रं लिहा म्हणून आपल्या वाचकांना पत्ते वाटले. लोक असे भडकले की विचारू नका. चार वर्षांपूर्वी गोअरना निसटती आघाडी देणारी ती काउंटी यंदा बुशना गेली. मी वाचून हसले आणि मग गप्प झाले. मी तरी दुसरं काय करत होते?

मृणालताई गोरे 1972 च्या त्या लाटेतही गोरेगावातून निवडून आल्या, हे तुम्ही नेहमी छाती फुगवून सांगता. त्यांनी युद्धाबद्दल काय भूमिका घेतली होती, हे मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत. सांगायचात ते फक्त पाण्याच्या नळाचं, हंड्यांचं. तेव्हा मला वाटायचं, आप्पा मुद्दा चुकवताहेत.

शनिवारी मास्तरीणबाईंबरोबर पाट्या उपटायला गेले. तारेच्या पाट्या गाडीत टाकताना हात कापला, काळजी करू नका, इंजेक्शन घेतलं. त्या बाईंच्या गल्लीतून गेलो. तारा निळाच आहे. मास्तरीणबाईंनी गाडी थांबवली, उतरल्या, दार वाजवलं. मी गाडीतच बसले. चांगली वीस मिनिटं त्या आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा हातात एक पत्ता होता, कुठल्याशा सैनिकी टपालाचा. "मुलगा म्हणतो मोजे टिकत नाहीत, आणि वाचायला काही नाही," एवढंच म्हणाल्या. आता गुरुवारी लिफाफ्यांऐवजी खोकी भरायची आहेत. नाडरवाली पण येणार आहे.

आप्पा, एक विचारायचं राहिलं. अनामत गेली, त्यानंतरच्या सकाळी तुम्ही चौघांनी काय केलंत? सायकली घेऊन परत त्याच गावांना गेलात, की घरी बसलात? ते कधी सांगितलं नाहीत. पुढच्या पत्रात लिहा, फोनवर नको.

आई, तुझं फराळाचं पार्सल अजून पोचलेलं नाही. चकल्या घातल्या असशील तर चुरा झालेला असणार, तरी चालेल. शुक्रवारी लक्ष्मीपूजनाला मास्तरीणबाईंना जेवायला बोलावलं आहे. पुरण करावं का लाडवांवर भागवावं, ते फोनवर सांग.

तुमची,
थोरली