खोक्यावर एएनसी आहे की ईएनसी, ते ठळक छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या ऑफर सुरू झाल्या की सांगलीत मोबाईलच्या दुकानांबाहेर इअरबड्सचे बोर्ड लागतात, स्वस्तात नॉइज कॅन्सलेशन, एकावर एक फ्री, आणि लोक बोर्डावर विश्वास ठेवून घेतात. त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचंय कारण मी ही वस्तू रोज वापरते, हौस म्हणून नाही, गरज म्हणून. माझं स्पष्ट मत असं आहे की खरं नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे कानात येणारा बाहेरचा गोंगाट कमी करणारी एएनसी ही सोय, असलेले बड्स रोज एसटीनं जाणाऱ्या माणसाच्या कानाला फार उपयोगाचे आहेत, पण त्याच नावाखाली ईएनसी नावाचं दुसरंच काहीतरी विकलं जातंय आणि ते थांबलं पाहिजे.

मी तासगावहून सांगलीला ये-जा करते, मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघते. सकाळच्या लालपरीत जागा मिळेल तिथं बसायचं, बऱ्याचदा पुढंच, ड्रायव्हरच्या मागं, म्हणजे इंजिनाची घरघर थेट कानात, वर पत्र्याचा आणि खिडक्यांचा खडखडाट, आणि हे कवठे एकंदपासून कवलापूर, बुधगाव, माधवनगर करत सांगली येईपर्यंत चालूच. आधी माझ्याकडं साधे वायरचे इअरफोन होते. गाडी सुरू झाली की आवाज वाढवायचा, गिअर बदलला की अजून वाढवायचा, शेवटी तो फुल्ल व्हायचा तरी बातम्यांतलं निम्मं कळायचं नाही, आणि यार्डात पोचेपर्यंत कानात कुईं असा आवाज राहायचा. एएनसीवाले बड्स घेतल्यावर तीच गाडी, तोच रस्ता, पण आवाज निम्म्याच्या खाली ठेवला तरी सगळं स्वच्छ ऐकू येतं. बास चांगला, डिझाईन भारी वगैरे लोक सांगतात ते असेल, पण माझ्या मते या वस्तूची खरी किंमत यातच आहे, की आवाज कमी ठेवता येतो.

हे महत्त्वाचं का ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं हेडफोनसाठी जी मर्यादा सांगितलीय ती आठवड्याला ८० डेसिबलवर (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) ४० तास अशी आहे, आणि आवाज ९० डेसिबलवर नेला की तीच मर्यादा ४ तासांवर येते. म्हणजे नुसते १० डेसिबल वाढले तर वेळ दहा पटीनं कमी! रोज येऊन जाऊन दीड-दोन तास फुल्ल आवाजात ऐकणाऱ्याचे आठवड्याचे तास कधी संपतात ते त्याला कळतही नाही, आणि कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी असतात त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत, त्याला औषध नाही. म्हणून घरातली मोठी माणसं "कानात सारखं घालून बसतीस, बहिरी होशील" म्हणतात तेव्हा त्यांची काळजी खरीच आहे, फक्त बहिरं करणारी वस्तू ती नाही, आवाज आहे.

आता हे काम कसं करतं ते थोडक्यात. बडच्या बाहेरच्या अंगाला बारीक माईक असतो, तो बाहेरची घरघर ऐकतो, आतली चिप बरोब्बर त्याच्या उलटी लाट तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो, एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे, पॉल लुएग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ साली अमेरिकेत याचं पेटंट मिळालं होतं. पुढं बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस, ज्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले, ते १९७८ साली विमानात बसलेले असताना इंजिनाच्या आवाजानं हेडफोनमधलं काही नीट ऐकू येईना म्हणून त्यांनी तिथंच बसून याचं गणित मांडायला घेतलं, आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. ॲपलचे एएनसीवाले बड्स २०१९ चे. म्हणजे विमानातून एसटीपर्यंत यायला याला पुष्कळ वर्षं लागली, पण दोन्हीकडं त्रास एकच, इंजिनाचा.

पण हे सगळ्या आवाजांवर चालत नाही आणि इथंच लोकांची फसगत होते. इंजिन, पंखा, कूलर, पिठाची गिरणी असे जाड आणि एकसारखे आवाज छान जातात, बारीक आणि अचानक येणारे जात नाहीत. कारण सोपं आहे, १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरणाऱ्या, घरघरीची एक लाट हवेत जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, चिपला तिच्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. तेच ५००० हर्ट्झचा आवाज घेतला तर लाट ७ सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, तिथं जरा उशीर झाला तरी उलटी लाट चुकीच्या जागी पडते. त्यामुळं कंडक्टरची घंटी ऐकू येते, मागच्या सीटवरचं बाळ रडलं तर ऐकू येतं, कुकरची शिट्टी ऐकू येते. यार्डात सौदे चालू असतात तेव्हा बोली पुकारणाऱ्याचा आवाज मला बड्स घालूनही येतो, हमालांच्या हाका येतात, फक्त त्याखालची पंख्यांची आणि टेम्पोंची जी सतत गुणगुण असते ती निघून जाते आणि डोकं शांत राहतं, आकडे चुकत नाहीत. बारीक आवाज अडवायचं काम चिपचं नाही, बडच्या टोकाला कानात बसणाऱ्या सिलिकॉनच्या बोंडाचं आहे. खोक्यात तीन मापं येतात, बहुतेक लोक जे बसवून आलंय तेच वापरतात, प्रत्यक्षात ते सैल असलं तर एएनसी निम्मं वायाच जातं. माझ्या डाव्या कानाला मधलं आणि उजव्याला लहान लागतं, तसं असू शकतं, दोन्ही कान सारखे नसतात.

आणि आता मूळ मुद्दा. माझ्या भावानं सांगलीतल्या एका दुकानातून स्वस्तातले बड्स आणले, खोक्यावर मोठ्या अक्षरात ईएनसी नॉइज कॅन्सलेशन. मिरजेच्या पॅसेंजरमध्ये त्याला काडीचा फरक जाणवेना, परत गेला तर दुकानदार म्हणाला ॲप अपडेट करा. अपडेटनं काय होणार, त्यात ती सोयच नाही! ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलता तेव्हा तुमच्या मागचा गोंगाट काढून समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ पोचवणं. फायदा समोरच्याला. एएनसी म्हणजे तुमच्या कानात येणारा गोंगाट कमी करणं. फायदा तुम्हाला. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत, मला कामात दोन्ही लागतात कारण दिवसभर शेतकऱ्यांचे फोन येत असतात आज हळदीला काय दर निघाला म्हणून, पण एकीच्या नावावर दुसरी विकायची हे बरोबर नाही, कारण घेणाऱ्याला वाटतं आपल्या कानाला संरक्षण मिळालं आणि गाडीत तो पूर्वीसारखाच फुल्ल आवाज करून बसतो.

तसंच आकड्यांचं. खोक्यावर ३२ डीबी, ४० डीबी, म्हणजे एवढे डेसिबल गोंगाट कमी होतो, असं लिहिलेलं असतं, तो आकडा ज्या आवाजावर एएनसी सगळ्यात चांगलं चालतं त्यावर मिळालेला असतो, सगळ्या आवाजांना मिळून नाही. ४० तास बॅटरी लिहिलेली असते ती बहुतेक वेळा चार्जिंगच्या डबीसकट धरलेली आणि एएनसी बंद ठेवून मोजलेली, चालू ठेवलं की बरीच कमी होते. हे खाली बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

बायकांच्या अडचणी तर कुठल्या रिव्ह्यूमध्ये येत नाहीत. उन्हातून जाताना आपल्याकडं मुली, बायका तोंडाला स्कार्फ बांधतात, तो माईकवर घासला की कानात खरखर सुरू होते आणि बडवर बोट लावून चालवायचं टच असेल तर गाणं आपोआप बंद होतं नाहीतर कुणाला तरी फोन लागतो. खिडकीजवळ बसलं की वारा माईकवर आपटतो, त्याची फडफड येते, तेव्हा एएनसी बंद केलेलं बरं. ज्यांच्यात टचऐवजी दाबायचं बटण आहे ते स्कार्फवाल्यांना सोयीचे पडतात, एवढं घेताना बघावं.

गाणं शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मी रविवारी मिरजेला गाणं शिकायला जाते, मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय त्याचा मला फार अभिमान आहे. क्लासमधल्या काही मुली मोबाईलवरच्या तानपुऱ्याचं ॲप बड्समध्ये लावून रियाज करतात. कृपा करून करू नका. कान बंद असला की आपलाच आवाज हाडांतून येऊन डोक्यात घुमतो, तो आपल्याला खरा वाटतो पण बाहेर तसा नसतो, सूर कुठं लागतोय ते कळत नाही. ऐकायला बड्स उत्तम, जुनी रेकॉर्डिंग कमी आवाजात इतकी बारकाईनं ऐकू येतात की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठं संपली ते कळतं, पण गाताना कान मोकळेच पाहिजेत.

रस्त्यावरही तेच. विश्रामबागच्या चौकात दोन्ही कानांत बड्स घालून, मान खाली घालून रस्ता ओलांडणारी कॉलेजची पोरं बघितली की जीव घाबरा होतो. बाहेरचा आवाज आत घेणारा ट्रान्सपरन्सी मोड असतो, पण चालताना मी तोही वापरत नाही, सरळ डबीत ठेवते, आणि संध्याकाळी स्टँडवरून घरी जाताना तर नाहीच. दुचाकीवर तर विषयच नको.

अजून एक गैरसमज पसरतोय. गणपतीतल्या डीजेपुढं काही जण हे बड्स घालून उभे राहतात, कानाला काही होणार नाही म्हणून. आमच्या कवठे एकंदला दसऱ्याला शोभेच्या दारूची केवढी आतषबाजी होते ते जिल्ह्याला माहीत आहे, तिथंही हेच बघितलं. तेवढ्या ताकदीची उलटी लाट काढणं त्या इवल्याशा स्पीकरला जमतच नाही, आणि डीजेचा दणका छातीतून, हाडांतून आत येतो. तिथं औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे साधे इअरप्लग नीट पिळून आत बसवले तर जास्त कामाचे, आणि खरं तर लांब उभं राहणं. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतच आहे, ती पाळायची जबाबदारी ऐकणाऱ्याच्या कानातल्या मशीनवर टाकता येणार नाही.

टिकण्याबद्दल दोन शब्द. आतली बॅटरी वाटाण्याएवढी, रोज चार्ज होते, दोन-तीन वर्षांत दमते आणि बदलून मिळत नाही कारण सगळं चिकटवून बंद केलेलं असतं. युरोपमध्ये फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंच्या बॅटऱ्या ग्राहकाला बदलता आल्या पाहिजेत असा कायदा लागू होतोय, तसा आपल्याकडं कधी होणार? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण जुने बड्स टाकायचे कुठं हे सांगणारा बोर्ड मला एकाही दुकानात दिसला नाही, मग ते कचऱ्याच्या गाडीत जातात, लिथियमसकट.

तर माझी विनंती अशी. कंपन्यांनी खोक्याच्या पुढच्या बाजूला एएनसी आहे की फक्त ईएनसी हे मराठीत आणि ठळक छापावं, बॅटरीचे तास एएनसी चालू ठेवून किती आणि डबी सोडून किती ते वेगळं लिहावं. सांगली, मिरज, तासगावच्या दुकानदारांनी एक डेमोचा जोड आणि धुता येतील अशी बोंडं ठेवावीत, दुकानातल्या पंख्याखाली उभं राहून मिनिटभर घातलं तरी फरक कळतो. आणि संपादक साहेब, तुमच्या दिवाळीच्या खरेदी पुरवणीत जाहिरातींच्या शेजारी एवढा एक चौकोन छापा, एएनसी म्हणजे काय आणि ईएनसी म्हणजे काय. माझ्या भावासारख्या पुष्कळ जणांचे पैसे वाचतील.

आपली नियमित वाचक,
तासगाव, जि. सांगली