मामा, तुमचे आभार मानायचे राहून गेले

मामा,

दवाखान्यात सगळे तुम्हाला मामा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. डॉक्टरबाईंचे आभार तिथेच मानले. तुमच्याशी बोलायला गेले तर घसाच भरून आला, म्हणून हे पत्र.

आमच्या कासवाच्या, बंड्याच्या पाठीवर शेवाळ साचलं होतं आणि कवचाच्या कडेच्या एका ढालीला, म्हणजे तुकड्याला, वास यायला लागला होता. ज्यानं विकला, तो दुकानदार म्हणाला, "खोबरेल चोळा, चकाकेल." दुसऱ्या एका दवाखान्यात फी आधी घेतली आणि टेबलापलीकडूनच सल्ला मिळाला, "कासवच ना? तळ्यात सोडून द्या." हे लाल कानपट्ट्यांचं कासव मूळचं अमेरिकेतलं. आपल्या तळ्यात गेलं तर इथल्या कासवांच्या खाण्यावर आणि उन्हाच्या जागेवर डल्ला मारणार. शिकलेल्या माणसानं असं सांगावं?

तुम्ही काही न बोलता पाण्याचा थेंब मनगटावर टाकून पाहिलात आणि मऊ टूथब्रश घेतलात. मी बंड्याला दोन्ही कडांनी धरलं होतं आणि तो हवेत पाय झाडत होता. तुम्ही त्याच्या पोटाखाली तळहात सरकवलात, चारही पाय बोटांवर टेकवलेत. "पायाला काहीतरी लागू दे ताई. अधांतरी कुणाला बरं वाटतं?" झाडणं थांबलं. थोड्या वेळानं मान बाहेर आली.

मामा, त्या तळहातासाठीच हे सगळं लिहितेय.

तो मान आत घेई तेव्हा तुमचा ब्रश थांबायचा. "पाठीला हात लावलेलं कळतं हो त्याला." खरंच आहे. कवच म्हणजे त्याचा कणा आणि बरगड्याच, वरून चढवलेलं टोपण नव्हे. शेपूट हलवणाऱ्या प्राण्याचे लाड सगळेच करतात. ज्याला भुंकता येत नाही, ओरडता येत नाही, त्याच्याशी माणूस कसा वागतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

आणि मग माझ्या लेकीला बेसिनपाशी नेऊन तुम्ही तिचे हात धुतलेत. "साबण त्याला नाही, आपल्याला." कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, हे एवढ्या सोप्या शब्दांत मला कुणीच सांगितलं नव्हतं. याच जंतूपायी अमेरिकेत १९७५पासून चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे. आमच्या दुकानदारानं मात्र दीड इंचाचं पिल्लू लेकीच्या हातावर ठेवलं होतं, साबणाचं नाव न काढता!

औषध चालू आहे, वास गेलाय. आंघोळीचा टब वेगळा ठेवलाय, स्वयंपाकघराच्या सिंकजवळ त्याला नेत नाही. पुढच्या महिन्यात तपासणीला बोलावलंय. तुमची ड्यूटी सकाळची असेल तर आम्ही सकाळीच येऊ. डॉक्टरबाईंकडे तसा निरोप ठेवा.

आपली,
हिरव्या टबवाली ताई