तुझा गेंगर अजून आहे

डोंबिवली,
रविवार

प्रिय मंद्या,

दिवाळीच्या तुझ्या मेसेजला उत्तर राहिलं ते राहिलंच. रागावला असशील तर हक्काने रागाव, पण आधी हे वाच. आई बरी आहे, साखर आटोक्यात. बाबांचा गुडघा होता तसाच. आता मुद्द्याचं.

तुझी गेम बॉयवरची पोकेमॉन गोल्डची कॅसेट सुरू झाली. सेव्ह, म्हणजे तुझा साठवलेला खेळ, जिवंत आहे.

'कंटिन्यू'च्या चौकटीत नाव मंदार, बॅज १६, वेळ १८७:४२. सोबतच्या पोकेमॉनमध्ये तुझा गेंगर पहिल्या जागी, त्याच्यामागे टायफ्लोजन, मग तो लाल ग्यारडॉस. खेळ जपानमध्ये नोव्हेंबर १९९९ मध्ये आला, अमेरिकेत ऑक्टोबर २००० मध्ये. दादाने आणलेली आपली कॅसेट अमेरिकन. म्हणजे आतला सेल वीस वर्षांच्या पुढचा, आणि तो अजून तग धरून आहे.

पण 'कंटिन्यू' दाबल्यावर खेळ म्हणाला की घड्याळ चुकलेलं असू शकतं, वेळ पुन्हा लावा. तिथे माझ्या पोटात गोळा आला. याची दोन कारणं असू शकतात. कॅसेटमधल्या घड्याळाचा दिवसांचा आकडा ५११ पर्यंतच जातो. त्यापुढे तो उलटतो आणि 'उलटलो' अशी खूण ठेवतो. दीड वर्षाच्या वर कॅसेट पडून राहिली की ती खूण लागते आणि खेळ वेळ विचारतो. हे साधं कारण. दुसरं कारण असं की सेल मधेच कधीतरी इतका उतरला की घड्याळच थांबलं. स्क्रीनवर दोन्हीचा संदेश एकच, त्यामुळे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून खरा वार आणि खरी वेळ लावली, सेव्ह केलं, गेम बॉय बंद केला आणि गुरुवारपासून रोज रात्री मोबाइलशी ताडून पाहिलं. तीन दिवसांत एक मिनिटही मागे नाही. म्हणजे सेल आज चालू आहे. उद्याचं कोण सांगणार?

गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टल या तिन्ही पोकेमॉन खेळांचं दुखणं एकच: सेव्ह आणि घड्याळ एकाच सेलवर. सेव्ह ज्या चिपमध्ये राहतो ती वीज गेली की कोरी होते, आणि घड्याळ तोच सेल रात्रंदिवस पीत असतं. सुहासकडच्या रुबीचं, म्हणजे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या पुढच्या पोकेमॉन खेळाचं, तसं नाही. त्यात सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो. सेल मेला तर घड्याळावरच्या गोष्टी थांबतात, खेळ तसाच राहतो. म्हणून 'माझी चालते की अजून' असं सुहासने म्हटलं तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

आता मी काय केलंय आणि काय करायचं बाकी आहे ते ऐक. कॅसेट उघडलेली नाही. तुझ्या होकाराशिवाय उघडणारही नाही.

जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू नावाचा यूएसबी रीडर मागवला आणि आधी सेव्हची फाइल काढून घेतली. त्यात एक गोष्ट महत्त्वाची: जुन्या गेम बॉयच्या कॅसेटला ५ व्होल्ट लागतात, अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटला ३.३. ते आधी तपासायचं, मगच कॅसेट लावायची. पहिल्या दोन वाचनांच्या फाइली एकमेकींशी जुळल्या नाहीत. सोनेरी पट्ट्यांवर मळ बसला की असं होतं. कधी कधी तर अख्खी फाइल 'एफएफ'नेच भरलेली येते आणि माणसाला वाटतं सेव्ह गेला. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसल्या, पूर्ण वाळू दिल्या आणि पुन्हा वाचलं. दोन्ही फाइली बाइटला बाइट सारख्या, ३२,७६८ बाइट. एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर गेम बॉयचे खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडल्या, पोकेमॉन साठवायच्या चौदाही पेट्या पाहिल्या. एक प्रत सोबत जोडली आहे, ती दोन ठिकाणी ठेव. (आणि तू कॅसेटमध्ये फुंकर मारायचास ना, तिने पट्ट्या गंजतात. तेव्हाच सांगितलं होतं.)

आता सेल बदलणं. कॅसेटच्या मागे खाली एकच स्क्रू असतो. साध्या पेचकसाने तो निघत नाही, ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा खास पेचकस लागतो. लोक पेनाचं प्लॅस्टिक वितळवून त्यावर दाबतात, नको ते. स्क्रू निघाला तरी दोन भाग उचकटायचे नाहीत, आधी सरकवायचे, मग उचलायचे. आत सीआर२०२५ हा नाण्यासारखा चपटा सेल, ३ व्होल्टचा. त्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या बोर्डावर डागलेल्या असतात आणि सेलला कारखान्यातच वेल्ड केलेल्या. त्या सेलवरून ओढून काढायच्या नाहीत, बोर्डाच्या बाजूने सोडवायच्या. जुन्या डागावर थोडं ताजं सोल्डर घातलं की तो लवकर वितळतो. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास, एका ठिकाणी दोन-तीन सेकंदांहून जास्त नाही, नाहीतर बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलली जाते आणि मग खरं रडणं. नवा सेल पट्ट्या लावलेलाच घ्यायचा. साध्या सेलवर थेट डाग देत बसलं तर उष्णतेने तो फुटू शकतो. चिकटपट्टीने बसवण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. काही महिने चालतं, मग कॅसेट एकदा हातातून पडते, क्षणभर संपर्क तुटतो आणि चिप कोरी. बोर्डावर अधिकाची खूण आहे, ती डाग देण्याआधी पाहायची, नंतर नाही.

गेम बॉय चालू ठेवून, त्याच्या विजेवर चिप जिवंत असतानाच सेल बदलायचा, असाही एक प्रकार आहे. आयर्नचं टोक भलतीकडे टेकलं तर सेव्हही जातो आणि यंत्रही. मी ते करणार नाही. म्हणजे सेल निघताक्षणी चिप कोरी होणार, नवा सेल बसणार, आणि मी ती फाइल रीडरने परत आत लिहिणार.

आणि इथे तू आठवलास.

'कॉपी म्हणजे तो नव्हे.' हे तू कितीदा म्हणालास! पेटी बदलताना 'सेव्हिंग'च्या क्षणाला बटण बंद करून आम्ही सगळे पोकेमॉनची दुसरी प्रत करायचो, कारण पेटीची नोंद आधी लिहिली जाते आणि सोबतच्या सहा पोकेमॉनची नंतर. तू एकट्याने कधी केलं नाहीस. कुठलाही पोकेमॉन हमखास पकडणाऱ्या मास्टर बॉलसाठीसुद्धा नाही. नंदूशी त्यावरून तीन आठवडे अबोला. मग आता मी तुझ्या गेंगरची प्रत करून मूळ पुसतोय, आणि तुला न विचारता कसं करू?

चार दिवस यावर विचार केला. माझं म्हणणं असं. गेंगर सोबत असतो तेव्हा तो ४८ बाइट असतो, पेटीत ठेवला की ३२, वर तुझं नाव आणि त्याचं नाव प्रत्येकी ११. तुझा आयडी नंबर त्यातच आहे. आणि खेळ स्वतःच सेव्हच्या दोन प्रती ठेवतो, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य बिघडली तर राखीव उघडते. म्हणजे सोबतच्या सहांमधला तुझा गेंगर चिपमध्ये आजही दोनदा आहे आणि तुला ते कधी खुपलं नाही. दोन गेम बॉय जोडणाऱ्या केबलवरून तो माझ्या सिल्व्हरमध्ये आला तेव्हा तरी काय आलं? बाइट इकडे लिहिले गेले, तिकडचे पुसले गेले. तो हॉन्टर गेला आणि गेंगर होऊन परत आला, आणि तू त्याला 'तोच' म्हणालास. नंदूचं पाप हे होतं की एकाच वेळी दोन झाले. इथे शेवटी एकच राहणार.

तरी तू नाही म्हणालास तर मी समजेन. तेव्हा दुसरा रस्ता केबलचा: सगळे एकेक करून माझ्या सिल्व्हरमध्ये आणायचे आणि तुझा सेल बदलल्यावर परत पाठवायचे. पण अदलाबदल एकास एकच होते, म्हणजे प्रत्येकामागे इकडून एक रट्टाटासारखा फालतू पोकेमॉन द्यावा लागणार. शिवाय पोकेमॉन वाचतील, तुझा खेळ वाचणार नाही. सोळा बॅज, १८७ तास, सिल्व्हर पर्वतावर शेवटचा प्रतिस्पर्धी रेड याच्या ८१ लेव्हलच्या पिकाचूला हरवलेली ती रात्र, हे केबलवरून जात नाही. २०१७ मध्ये निन्टेंडोच्या थ्रीडीएस या यंत्रावर गोल्ड पुन्हा आला होता, पण त्यात जुन्या कॅसेटमधून काही नेता येत नव्हतं, आणि २०२३ च्या मार्चमध्ये तो विकणारं ऑनलाइन दुकानही बंद झालं. तेव्हा मला फाइलचा रस्ता बरा वाटतो. निर्णय तुझा.

सेव्ह पाहताना एक गोष्ट कळली. खेळातल्या व्हिटनीला तू आगीचा सिंडाक्विल घेऊन एकट्याने हरवलंस असं इतकी वर्षं सांगतोस. पेटी तीनमध्ये मचॉप आहे, नाव मसल! गोल्डनरॉडच्या दुकानात ड्राउझी देऊन मिळतो तोच. मग उगाच कशाला रे? व्हिटनीच्या मिल्टँकचा रोलआउट हा हल्ला ३०, ६०, १२०, २४०, ४८० असा दर वाराला दुप्पट होतो, खडक जातीचा, आगीवर आणखी दुप्पट. तिसऱ्या वाराला सिंडाक्विलचा वाढलेला क्विलाव्हा आडवा. मचॉपवर तो निम्मा लागतो आणि मचॉपचा मार तिला दुप्पट. मी सुरुवातीला सिंडाक्विलऐवजी टोटोडाइल घेतला म्हणून मला वर्षभर चिडवलंस ते आता परत घे.

तुझ्या घराच्या कर्जाचं काय झालं? ऋताचं व्हायोलिन चालू आहे ना? वहिनींना नमस्कार सांग. नोकरीचं तू लिहिलं होतंस ते वाचलं, त्यावर फोनच करू.

होकार आला की पुढच्या शनिवारी बसतो. फाइल परत लिहिल्यावर घड्याळ लावायचं, सेव्ह करायचं, बंद करून दहा मिनिटांनी पाहायचं, मग चोवीस तासांनी. झाकण त्यानंतरच लावीन. तोवर कॅसेट टेबलाच्या खणात आहे, पोरांच्या हाताला लागणार नाही. सुरुवातीच्या स्क्रीनवर वर, सिलेक्ट आणि बी एकत्र दाबले की सेव्ह पुसायचा प्रश्न येतो, ते त्यांना कळायला नको.

तुझा,
सम्या

ता. क. नवीन सेल बसल्यावर वार मुद्दाम शुक्रवार लावू का? युनियन गुहेत लाप्रास शुक्रवारीच येतो, आणि तुझ्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे पकडलेल्या पोकेमॉनच्या यादीत, ती जागा अजून रिकामी आहे.