निम्म्या डिझेलच्या इंजिनाला हार घालण्याआधी

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

साहेब, कृषी प्रदर्शनांचा हंगाम आला की आमच्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पत्रकं फिरू लागतात. 'क्रांतिकारक इंजिन, डिझेल निम्मं!' कुणाचा पिस्टन गोल फिरतो, कुणाला क्रँकच नाही. पुढाऱ्यासोबतचा फोटो मात्र हमखास. शेतकरी तो दाखवून विचारतो, "मिस्त्री, घेऊ का?" फोटोला तो सरकारी शिक्का समजतो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

'निम्मं डिझेल' याचा हिशेब करून पाहा. विहिरीवरचं साधं, नीट ठेवलेलं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला लिटरभर डिझेल पितं. म्हणजे डिझेलमधल्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा कामी येतो. तेच काम निम्म्या डिझेलमध्ये करायचं तर दोन तृतीयांश ऊर्जा कामी यायला हवी. जगातली अवाढव्य जहाजी इंजिनं पन्नास टक्क्यांच्या आसपास थांबतात, आणि ही किमया पत्र्याच्या शेडमध्ये झाली म्हणे!

सगळेच लबाड असतात असं नाही. फेलिक्स वांकेलचं रोटरी इंजिन, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो, खरंच चालायचं, तेही गुळगुळीत. १९६७ मध्ये एनएसयू कंपनीने ते आरओ-८० गाडीत बसवलं. पण रोटरच्या टोकांवरची, गॅस अडवून धरणारी सीलं लवकर झिजू लागली, वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी टेकीला आली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. जपानच्या माझदा कंपनीने चिकाटीने सीलं सुधारली, तरी तेल आणि पेट्रोल जास्त पिण्याची खोड पुरती गेली नाही. एवढ्या मोठ्या कारखान्यांची ही गत, तर आमच्या शेतकऱ्याला सील कुठे मिळणार? साध्या इंजिनाचा नोझल नि रिंगा चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावीही मिळतात. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या गाडीचंही तसंच: टाटा मोटर्सने २००७ मध्ये त्यासाठी फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी करार केला, पण ती गाडी इथल्या शोरूमला काही लागली नाही.

नव्याला माझा विरोध नाही. रुडॉल्फ डिझेलचं इंजिनही एकेकाळी नवखंच होतं. पण १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी ते बाहेरून येऊन मोजलं, कार्यक्षमता २६ टक्के भरली, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला.

तेवढंच इथेही करा. अनुदान किंवा उद्घाटनाची तारीख देण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या-इंजिनं तपासणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडून पूर्ण लोडवर पाचशे तासांची चाचणी मागा, डिझेल वजनावर मोजून. जमलं तर त्यातले काही तास मे महिन्याच्या उन्हात भुसावळला चालवा. आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे विकणाऱ्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. ज्याचं इंजिन खरं आहे, तो यातल्या कशालाच नाही म्हणणार नाही.

आपला,
एक इंजिन मिस्त्री, यावल तालुका, जि. जळगाव