सी-३ कमी, सी-४ नॉर्मल, याच्याकडेही बघा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तुमच्या आरोग्य पुरवणीत 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' टाइपचे लेख सुरू होतात, गुळवेल, आवळा, काढा वगैरे. त्याबद्दल माझं भांडण नाही, हळदीचं दूध आमच्या घरीही होतंच. पण हे लेख वाचून लोकांचा असा समज होतो की इम्युनिटी जेवढी जास्त तेवढं बरं, आणि ते काही खरं नाही. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे याची उलटी बाजू अधूनमधून रिपोर्टमध्ये दिसते, म्हणून हे पत्र.

रक्तात कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रोटीन्सची जंतू मारणारी एक फौज असते. ती कामाला लागायचे तीन मार्ग आहेत. एकाला अँटीबॉडी लागते, दुसऱ्याला जंतूच्या अंगावरची ठरावीक साखर लागते, आणि तिसरा, ज्याला अल्टरनेटिव्ह पाथवे म्हणतात, त्याला कुणाच्या ऑर्डरची गरजच नाही. सी-३ नावाचं प्रोटीन पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन आपलं आपणच थोडं थोडं अ‍ॅक्टिव्ह होत राहतं, चोवीस तास, स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या रिक्षासारखं. त्याला फॅक्टर बी चिकटतो, फॅक्टर डी त्या बी ला कापतो आणि एक एन्झाइम तयार होतं जे आणखी सी-३ कापतं, त्यातून आणखी एन्झाइम, म्हणजे चक्रवाढ व्याजच. हे एन्झाइम एरवी दीडेक मिनिटात सुटं होतं पण प्रॉपरडिन नावाचं प्रोटीन त्याला धरून ठेवतं. (हे प्रॉपरडिन लुई पिलेमर या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये क्लीव्हलँडला मांडलं तेव्हा त्याच्यावर भरपूर टीका झाली, १९५७ मध्ये तो वारला आणि लोकांना पटलं ते त्यानंतर काही वर्षांनी. असो.)

आता एवढं सगळं कायम चालू असताना आपल्याच पेशी का मरत नाहीत, तर फॅक्टर एच आणि फॅक्टर आय हे ब्रेक आहेत म्हणून. आपल्या पेशींवर सायलिक अ‍ॅसिड असतं, ते ओळखून फॅक्टर एच तिथे बसतो आणि काम थांबवतो. बहुतेक जंतूंवर ते नसतं. मेनिंगोकॉकस हा मेंदूज्वराचा जंतू मात्र एवढा बेरकी की आपलाच फॅक्टर एच पकडून अंगावर ओढून घेतो. या पाथवेच्या टेस्टमध्ये सशाच्या तांबड्या पेशी वापरतात त्या याचसाठी, त्यांच्यावर सायलिक अ‍ॅसिड कमी असल्याने ब्रेक नीट लागत नाही आणि पेशी किती फुटल्या ते मोजता येतं. सॅम्पल मात्र गोठवूनच पाठवावं लागतं, वाटेत गरम झालं तर रिपोर्ट उगाचच कमी येतो.

तर ब्रेक बिघडला की काय होतं? त्यातला एक आजार एचयूएसचा (हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमचा) अ‍ॅटिपिकल प्रकार, म्हणजे तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट कमी होतात आणि किडनी बंद पडत जाते. भारतातल्या मुलांवरचा दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात यातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात फॅक्टर एचच्याच विरुद्ध अँटीबॉडी सापडल्या. युरोपात हे प्रमाण बरंच कमी आहे. म्हणजे या मुलांची प्रतिकारशक्ती कमी पडली असं नाही, ती स्वतःचाच ब्रेक तोडत बसली. वेळेवर कळलं तर प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग बदलणं) आणि अँटीबॉडी दाबणारी औषधं यांनी बरीच मुलं सावरतात, पण वेळेवर कळायला पाहिजे ना!

आणि आमच्याकडे सीझनला काय होतं, प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू. बहुतेक वेळा तो डेंग्यूच असतो हेही खरं. पण मशीन फक्त आकडा देतं, स्लाइड कोण बघतंय? मागे शाळेत जाणाऱ्या एका मुलाचं सॅम्पल रोज फक्त प्लेटलेटसाठी येत होतं, हिमोग्लोबिनही उतरत चाललं होतं. शेवटी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मायक्रोस्कोपखाली घेतला तर तांबड्या पेशींचे तुकडे तुकडे, टोकेरी, हेल्मेटच्या आकाराचे. डॉक्टरांना फोन केला, मग किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन झालं, तोवर लघवी जवळजवळ थांबली होती. अशा वेळी एलडीएच (पेशी फुटल्या की वाढतं), क्रिएटिनिन, सी-३, सी-४ (कॉम्प्लिमेंटमधलंच प्रोटीन, पण अल्टरनेटिव्ह पाथवेत न लागणारं) आणि फॅक्टर एच अँटीबॉडी या टेस्ट डोक्यात यायला हव्यात. शेवटची टेस्ट जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा होत नाही, बाहेर पाठवावी लागते आणि खर्च पालकांच्या बोकांडी. सरकारी हॉस्पिटलमधून ही सॅम्पल्स पाठवायची फुकट सोय व्हावी, एवढी मागणी तरी तुमच्या पेपरने लावून धरावी.

औषधांचं म्हणाल तर कॉम्प्लिमेंट अडवणारं इक्युलिझुमॅब अमेरिकेत २००७ पासून आहे पण किंमत ऐकून घाम फुटतो, आणि ते घेताना मेनिंगोकॉकसची लस लागतेच, कारण ब्रेक जास्त दाबला की जंतू मोकाट. एक गोष्ट आपल्याकडे फार कुणाला माहीतच नाही. सी-३ ला अडवणारं कॉम्पस्टॅटिन १९९६ मध्ये अमेरिकेत शोधलं गेलं, त्या टीममधले अरविंद साहू पुढे पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत आले आणि कॉम्प्लिमेंटवरच काम करत राहिले. त्या कॉम्पस्टॅटिनपासून बनलेलं पेगसेटाकोप्लान २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. गुळवेलीवर पानभर छापता तर यावर अर्धं पान छापायला काय हरकत आहे?

जाता जाता पालकांसाठी. घसा दुखून गेल्यावर किंवा अंगावर फोड येऊन गेल्यावर काही मुलांचं तोंड सुजतं, लघवी कोकाकोलाच्या रंगाची होते. ही किडनीची सूज, त्यात बहुतेक वेळा सी-३ कमी आणि सी-४ नॉर्मल येतं, साधारण सहा-आठ आठवड्यांत सी-३ परत वर येतं. लघवी साफ झाली की लोक लॅबकडे फिरकतच नाहीत. तर दोन-तीन महिन्यांनी सी-३ परत करून घ्या, आणि तेव्हाही कमीच असेल तर तो रिपोर्ट फाइलला न लावता किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.

आपला,
एक लॅबवाला, मिरज