तिकीट एकेरी, हिशेब चोख

महोदय,

ज्यूंच्या संहाराची चर्चा हिटलर, हिमलर, आइखमन या नाझी बड्यांपाशीच थांबते. कागद मात्र खालच्या टेबलांवरून फिरत होते. ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या हद्दपारीच्या गाड्यांना जर्मन रेल्वेने तिसऱ्या वर्गाचे भाडे लावले: किलोमीटरला 4 फेनिग (जर्मन पैसे), दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धे, चार वर्षांखालच्यांना माफ. माणसे 400 किंवा अधिक असली की निम्मा दर. ज्यूंचे तिकीट एकेरी, पहारेकऱ्यांचे परतीचे. नवे नियम करावेच लागले नाहीत. सहलींच्या गटांचे होते तेच चालले.

वित्त खात्याचे काम जास्त किचकट. 25 नोव्हेंबर 1941 च्या वटहुकमाने सीमा ओलांडताच ज्यूंचे नागरिकत्व जाई, मालमत्ता सरकारजमा होई. पण ऑशविट्झची मृत्युछावणी जर्मनीला जोडलेल्या प्रदेशात, म्हणजे कागदोपत्री ‘परदेश’ नव्हेच! मग तिथे धाडलेल्यांची मालमत्ता ‘राज्यविरोधी’ ठरवून वेगळी जप्ती करावी लागे. तीही बिनचूक केली गेली. घरातल्या चादरी-भांड्यांपर्यंतची यादी हद्दपारीपूर्वी मालकाकडूनच भरून घेत. पुढे सामानाचा लिलाव होई, आणि त्यांच्या घरच्या थकलेल्या गॅसबिलासाठी कंपन्या वित्त कार्यालयाला पत्रे लिहीत.

– एक वाचक, पुणे